घरपट्टीच्या कागदातली शाळा

एका रविवारी विहारातली वंदना आटोपल्यावर चिंचवडजवळच्या वस्तीतल्या एका ताईंनी आमच्यापुढे पत्र्याचा डबा आणून ठेवला. डब्यात रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, जातीचा दाखला, गॅसचे पुस्तक आणि रबर लावून ठेवलेली घरपट्टीची दहा-बारा वर्षांची बिले होती. ताई म्हणाल्या, "दादा, हे एकदा वाचून सांगा. दरवर्षी भरतो, पण कशाचे भरतो ते काही उमगत नाही."

ताईंचे मालक चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला आहेत. ताई स्वतः दोन घरी पोळ्या लाटतात. अर्ध्या गुंठ्यावर वीट वीट जमवून दोन खोल्या बांधल्या आहेत. मुलगा सातवीला, मुलगी चौथीला, दोघेही महापालिकेच्या शाळेत.

विहाराच्या पायरीवरच आम्ही बिल वाचायला बसलो. सामान्य कर, अग्निशमन कर, वृक्ष कर, पाणीपुरवठा लाभ कर, मलप्रवाह सुविधा लाभ कर. या गर्दीत शिक्षणाच्या नावाच्या दोन ओळी आल्या, एक महापालिकेच्या शिक्षण कराची आणि दुसरी शासनाच्या शिक्षण कराची. ताईंनी बोट ठेवले आणि विचारले, "शिक्षणाचे दोनदा घेतात, तरी शाळेतल्या नळाला पाणी का नाही?"

वाचकहो, आम्हाला त्या पायरीवर धड उत्तर देता आले नाही. पुढचे काही आठवडे आम्ही ते शोधत होतो. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो आहोत.

आधी शासनाच्या ओळीबद्दल. 'महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियम, १९६२' या कायद्याखाली हा कर शहरातल्या घरा-इमारतींवर बसतो. महापालिका तो फक्त गोळा करते. पैसा राज्याच्या एकत्रित निधीत, म्हणजे मंत्रालयाच्या तिजोरीत जातो. तिथून तो आपल्या गल्लीतल्या शाळेकडे वळेलच असा नियम नाही. ताईंच्या बिलातली ती रक्कम त्यांच्या मुलीच्या शाळेला मिळते असे समजणे म्हणजे पिंपरीत बसलेल्या प्रवाशाने लोणावळ्याचे तिकीट काढून पुण्यात उतरण्याची वाट बघण्यासारखे आहे.

मग शाळा चालते कशावर? १९४९ च्या महानगरपालिका कायद्याने प्राथमिक शिक्षणाची सोय करणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे. शिक्षकांच्या पगाराचा काही भार शासन अनुदानातून उचलते. बाकी सगळे, म्हणजे इमारत, दुरुस्ती, बाके, पाणी, संडास, झाडलोट, रखवालदार, गणवेश, वह्या, बालवाडीच्या सेविकांचे मानधन, हे महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून होते. पगार कोणालाही थांबवता येत नाही. म्हणून पैशाची ओढाताण झाली की कात्री उरलेल्या गोष्टींना लागते. शिक्षक वर्गात असतो, हजेरी होते, कागदावर शाळा पूर्ण चालू असते. आणि नळ कोरडा असतो. मुली दुपारपर्यंत लघवी दाबून बसतात. ही गोष्ट कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेली सापडत नाही.

आता महापालिकेचे उत्पन्न. आपल्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना जुने दिवस आठवत असतील. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पुढे बजाज, टेल्को आणि त्यांच्या मागोमाग शेकडो लहान वर्कशॉप उभी राहिली. मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-नगरकडच्या दुष्काळी गावांतून आपली माणसे इथे आली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली, ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महापालिका झाली. कारखान्यांच्या दारात येणाऱ्या प्रत्येक ट्रकवर जकात बसे. त्या जकातीवर हे शहर श्रीमंत म्हणून मिरवले. घरपट्टी वाढवण्याची गरज कोणालाच वाटली नाही. मतदाराला दुखवायचे कशाला? ट्रकवाला काही इथे मत देत नव्हता.

ती जकात १ एप्रिल २०१३ ला गेली. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. तोही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलासुरला संपला. महापालिकांना भरपाई देण्याचा कायदा राज्याने केला. २०१६-१७ हे वर्ष पायाभूत धरून दरवर्षी आठ टक्के वाढ, असा त्याचा हिशेब आहे. भरपाई येते, ही चांगली गोष्ट. पण ती मंत्रालयातून येते. शहराने स्वतःच्या हाताने बसवायचा आणि स्वतःच्या हाताने वाढवायचा मोठा कर उरला तो एकच, मिळकत कर. म्हणजे आपली घरपट्टी.

आणि ह्याच कराला अनेक बाजूंनी दोऱ्या बांधलेल्या आहेत.

पहिली दोरी हिशेबाची. घरपट्टी घराच्या बाजारभावावर बसत नाही. घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल ते धरायचे, त्यातून दुरुस्तीचे दहा टक्के वजा करायचे, उरते ते करयोग्य मूल्य. समजा महिना भाडे हजार रुपये धरले, तर वर्षाचे बारा हजार. दहा टक्के वजा जाता दहा हजार आठशे. त्यावर सामान्य कर कमीत कमी बारा टक्के लावावा असे कायदा म्हणतो, म्हणजे १,२९६ रुपये. बाकीचे कर वेगळे. पण ते भाडे ज्या काळात धरले त्याच काळात अडकून पडते. फेरआकारणी करायची म्हटली की ओरड होते, आणि ठराव बासनात जातो. त्यामुळे पंचवीस वर्षांपूर्वी आकारणी झालेला मोठा बंगला आणि कालपरवा आकारणी झालेली दोन खोल्यांची सदनिका यांच्या घरपट्टीत शोभणार नाही इतका कमी फरक असू शकतो. स्वस्त राहिलेल्या कराचा मोठा फायदा मोठ्या आणि जुन्या मालमत्तेला होतो. हे शाळेत शिकवायला हवे असे गणित आहे.

दुसरी दोरी माफीची. इथे आम्हाला जरा सांभाळून लिहावे लागते, कारण हा विषय आपल्याच घरातला आहे. कामगारांना परवडणारी घरे द्यायची म्हणून १९७२ साली इथे नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. कामगार आले लाखांनी, घरे झाली थोडी. २००१ च्या जनगणनेत शहराची वस्ती दहा लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती सतरा लाखांवर गेली. माणसाने झोपायचे कुठे? अर्धा गुंठा, एक गुंठा घेऊन लोकांनी परवानगीशिवाय घरे बांधली. २००८ सालच्या दुरुस्तीने अशा बांधकामांवर घरपट्टीच्या दुप्पट शास्ती बसू लागली. ताईंच्या डब्यातल्या जुन्या बिलांवर ती आहे. घरपट्टी तीन हजार, शास्ती सहा हजार. एका वर्षी त्यांनी कानातले मोडून पैसे भरले, ती पावती त्यांनी वेगळी ठेवली आहे.

ही शास्ती जायलाच हवी होती. २०१७ मध्ये सहाशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना आणि २०१९ मध्ये हजार चौरस फुटांपर्यंतच्या घरांना त्यातून सोडवण्यात आले. मार्च २०२३ मध्ये शासनाने पिंपरी-चिंचवडची सगळी शास्ती माफ केली, अट एवढीच की मूळ कर भरायचा. वस्त्यावस्त्यांत पेढे वाटले गेले. आम्हीही खाल्ले, खोटे कशाला बोला. पण नंतर कागद चाळताना लक्षात आले की लहान घरांचा प्रश्न बराचसा आधीच्या दोन निर्णयांत सुटला होता. २०२३ च्या सरसकट माफीचा भरघोस लाभ हजार चौरस फुटांच्या वरच्या इमारतींना, भाड्याने दिलेल्या मजल्यांना, व्यापारी गाळ्यांना आणि शेडना झाला. पुढे झेंडा मात्र आपल्या पत्र्याच्या घराचा होता.

या माफीमुळे तिजोरी रिकामी झाली, असेही आम्ही म्हणणार नाही. तसे झाले नाही. मूळ कर भरल्याशिवाय माफी नाही म्हटल्यावर वर्षानुवर्षे अडवून ठेवलेले पैसे लोकांनी आणून भरले. २०२२-२३ मध्ये मिळकत कराची वसुली आठशे कोटींच्या वर गेली आणि २०२३-२४ मध्ये नऊशे कोटींच्या वर. बिले घरोघर पोचवायला महापालिकेने बचत गटांच्या महिलांना नेमले, आपल्याही काही भगिनी त्यात होत्या. गरीब माणूस कर बुडवतो हा आरोप ज्यांनी आयुष्यभर केला त्यांनी हे आकडे बघावेत. पण एक गोष्ट मनात राहते. १३ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली होती आणि प्रशासकाचा कारभार चालू होता. एवढी मोठी माफी ठरली तेव्हा सभागृहात उभे राहून 'यातले शाळेला किती?' असे विचारायला निवडून दिलेला एकही माणूस नव्हता.

मालमत्ता कराला कायमची मर्यादा घातली की शाळेचे काय होते, याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे शाळा मुख्यतः स्थानिक मालमत्ता करावर चालत. १९७८ च्या जून महिन्यात कॅलिफोर्निया राज्यातल्या मतदारांनी एक प्रस्ताव मंजूर केला. तेरावा प्रस्ताव म्हणून तो ओळखला जातो. घराच्या मूल्याच्या एक टक्क्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही, मूल्य वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचे नाही, घर विकले गेले तरच नवे मूल्य धरायचे. म्हाताऱ्या पेन्शनरांची घरे वाचावीत म्हणून प्रचार झाला. पण तीच मर्यादा मोठ्या कंपन्यांच्या जमिनींनाही लागू झाली. मालमत्ता कराचे उत्पन्न एका झटक्यात निम्म्याहून खाली आले. उन्हाळी शाळा बंद पडल्या. शाळांच्या खर्चाची सूत्रे गावाच्या हातून राज्याच्या राजधानीत गेली आणि एके काळी देशात पुढे असलेले ते राज्य दर विद्यार्थ्यामागच्या खर्चात मागे पडत गेले. ज्यांना परवडले त्यांनी पालकांच्या वर्गणीतून आपल्या भागातल्या शाळा सावरल्या. मजुरांच्या वस्त्यांत वर्गणी कोण देणार?

आपल्याकडेही चाकणच्या बाजूला पाहिले की हीच गोष्ट दुसऱ्या वेषात दिसते. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना तिथे आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन, पाठोपाठ महिंद्र आणि इतर. चाकण स्वतः आता नगरपरिषद आहे, पण आजूबाजूच्या बऱ्याच गावांत ग्रामपंचायतीच आहेत आणि शाळा जिल्हा परिषदेच्या. ग्रामपंचायत कायद्यात एक कलम आहे, १२५ वे. त्यानुसार कारखाना आणि ग्रामपंचायत यांना करार करता येतो. सगळ्या करांऐवजी कारखान्याने वर्षाला एक ठोक रक्कम द्यायची आणि मोकळे व्हायचे. करार करताना एका बाजूला वकील आणि हिशेबनीस, दुसऱ्या बाजूला सरपंच आणि ग्रामसेवक. रक्कम कशी ठरत असेल ते वाचकांनीच ओळखावे.

यात आपला हिस्साही बुडतो, तो कसा ते सांगतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी आणि दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. कारखान्याची रक्कम लहान ठरली की हे पंधरा टक्केही त्या मानाने लहान होतात. वस्तीतल्या अंगणवाडीला फरशी, अभ्यासिकेला दिवा, मुलांना वह्या यातूनच व्हायच्या असतात. आपले कार्यकर्ते पंधरा टक्के खर्च झाले का, एवढे विचारतात. ते कशाचे पंधरा टक्के, हेही विचारायला हवे.

मग कारखाना एक दिवस शाळेत येतो. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात. दोन खोल्या रंगवल्या जातात, संगणक येतात, भिंतीवर कंपनीचे नाव येते, मुलांकडून टाळ्या वाजवून घेतात. कामे चांगली असतात, आम्ही नाकारत नाही. पण कोणत्या गावात करायचे, कोणत्या वर्षी थांबवायचे हे कंपनी ठरवते. करातून बांधलेल्या खोलीत आपले मूल हक्काने बसते. देणगीच्या खोलीत त्याला पाहुणे आले की उभे राहून नमस्ते म्हणावे लागते.

देहूरोडची तऱ्हा आणखी निराळी. ज्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, ते गाव कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत येते. तिथली मोठी जमीन संरक्षण खात्याची, आणि राज्यघटनेच्या २८५ व्या कलमाप्रमाणे केंद्राच्या मालमत्तेवर असा कर बसवता येत नाही. बोर्डाने शाळा चालवायची, पण हद्दीतल्या सर्वांत मोठ्या मालकाकडून घरपट्टी मागायची नाही. सेवा शुल्क आणि अनुदान येईल त्यावर भागवायचे.

कराचा पैसा कोणाकडून येतो आणि कोणाच्या मुलांवर खर्च होतो, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून नगरपालिकेने स्वागतावर हजार रुपये खर्चायचे ठरवले. महात्मा फुले तेव्हा नगरपालिकेचे सभासद होते. एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा असे त्यांचे म्हणणे होते. दोनच वर्षांनी हंटर आयोगापुढे त्यांनी मांडले की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला मिळतो. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी सरळ आकडे समोर ठेवले. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपये दोन आणे नऊ पै वसूल करते. निदान जेवढे अबकारीतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. सार्वजनिक वित्तावर ग्रंथ लिहिलेला तो माणूस होता. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांचा हा आकड्यांचा चेहरा आपण फारसा दाखवत नाही.

ताईंच्या प्रश्नाकडे परत येतो. नळाला पाणी का नाही, याचे उत्तर फक्त 'पैसा कमी' असे नाही. पिंपरी-चिंचवडसारख्या महापालिकेत पुलांना, रस्त्यांना, सुशोभीकरणाला पैसा निघतो. शाळेच्या नळासाठी निघत नाही, कारण ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांची मुले त्या शाळेत नाहीत. आणि ज्यांची मुले आहेत ते आपण, घरपट्टी भरतो आणि पावती डब्यात ठेवतो.

काही तारखा आणि वाटा मात्र माहीत असाव्यात. पुढच्या वर्षीच्या करांचे दर महापालिकेला २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात. त्याच सुमारास अंदाजपत्रक येते. एप्रिलमध्ये बिल हातात पडल्यावर बोलून उपयोग नसतो, बोलायचे ते जानेवारीत. शाळेच्या पातळीवर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि शाळेचा विकास आराखडा त्यांनीच करायचा असतो. त्या आराखड्यात नळ लिहिलेला नसेल तर वरच्या अधिकाऱ्याला 'मागणीच आली नाही' म्हणता येते. आमच्या ताई दोन वर्षे या समितीच्या सदस्य आहेत. बैठकीची वही सहीसाठी घरी येते, म्हणून त्यांना ते ठाऊक होते. आराखडा नावाचा कागद त्यांनी पाहिला नव्हता.

पुढच्या रविवारी विहारात सात घरांची बिले आली. एका आजोबांनी नगरपालिकेच्या काळातल्या पिवळ्या पावत्या आणल्या, सोबत चष्मा विसरले. सातवीतल्या मुलाने सगळ्यांच्या शिक्षण कराच्या ओळी एका वहीत उतरवून बेरीज केली आणि ती दोनदा तपासली. मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. आमच्या शाळेच्या पाणी, स्वच्छता आणि दुरुस्तीसाठी मागील तीन वर्षांत किती तरतूद झाली, किती खर्च झाला, आणि विकास आराखड्याची प्रत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. अर्ज ताईंच्या नावाने आहे. सोमवारी त्यांनी एका घरच्या पोळ्यांना सुट्टी घेतली आणि स्वतः जाऊन तो दिला. पोच घेतलेली प्रत त्याच डब्यात, बिलांच्या वर ठेवली आहे. तीस दिवस मोजणे चालू आहे.